फेंटानिलच्या पट्टीची भीती: कुठे हवी, कुठे नको

ताई, नमस्कार.

आम्ही सोलापूर जिल्ह्यात खेड्यात राहतो. माझे सासरे ७० वर्षांचे आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. तंबाखूमुळे गालाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, रेडिएशनची लाइट घेऊन झाली, तरी आजार उलटला आणि आता मानेत पसरलाय. डॉक्टर म्हणाले, बरं करणारा उपाय आता राहिला नाही, त्रास कमी ठेवू. दुखण्यासाठी मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी चालू होती. गिळणं बंद झालं म्हणून नाकातून नळी घातली आणि गोळ्यांच्या जागी कातडीवर चिकटवायची फेंटानिलची २५ ची पट्टी दिली. तीन दिवसांनी बदलायची. जास्त दुखलं तर मॉर्फिनची गोळी विरघळवून नळीतून द्यायला सांगितलंय.

पट्टीने दुखणं खरंच कमी झालं. पण माझे दीर पुण्याला असतात, त्यांनी मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ पाहिला. त्यांचं म्हणणं, हे औषध माणसं मारतं, अण्णांना व्यसन लावताय. सासूबाई घाबरल्या. रात्री पट्टी काढून ठेवतात आणि सकाळी परत लावतात. निघाली तर वरून चिकटपट्टी मारतात. मान दुखते म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेकतात. अण्णा बराच वेळ झोपून असतात, हाक मारली की डोळे उघडतात. चार दिवस पोट साफ नाही. शेजारच्या मावशी गुडघ्यासाठी एक पट्टी मागतायत. घरात अडीच वर्षांचा मुलगा आहे. मी एकटी सगळ्यांच्या बोलण्यात सापडलेय. ही पट्टी चालू ठेवू की बंद करू?

— एक सून

तुमच्या पत्राखाली फोन नंबर होता, म्हणून निकडीच्या गोष्टी त्याच दिवशी फोनवर सांगितल्या: पट्टी बंद करू नका, गरम पिशवी आत्ता बाजूला ठेवा, आणि पोटासाठी आजच डॉक्टरांना फोन करा. बाकीचं इथे सविस्तर लिहिते. तुमच्या घरात आज जे चाललंय, ते या औषधाच्या जवळजवळ प्रत्येक घरात थोड्याफार फरकाने चालतं, आणि या विषयावर नीट बसून बोलायला ओपीडीत कुणाला वेळ मिळत नाही.

आधी माझं मत सांगते. तुमच्या घरात भीती आहे, ती असायलाच हवी. फेंटानिल हे वजनाला वजन धरलं तर मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट जोरकस औषध आहे, म्हणून त्याचा हिशोब मिलिग्रॅमऐवजी मायक्रोग्रॅममध्ये करतात. पण घरातली सगळी भीती अण्णांना व्यसन लागेल या एका गोष्टीवर जाऊन बसली आहे. त्याच वेळी गरम पिशवी, रोज काढघाल होणारी पट्टी, शेजारच्या मावशींचा गुडघा आणि अडीच वर्षांचं पोर, या चार गोष्टींची कुणालाच भीती वाटत नाहीये. खरा धोका या चारांत आहे.

पट्टी काम कशी करते हे कळलं की अर्ध्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. पट्टीतलं औषध कातडीतून हळूहळू आत झिरपतं, कातडीखालच्या चरबीत साठतं आणि तिथून रक्तात उतरतं. २५ ची पट्टी म्हणजे तासाला २५ मायक्रोग्रॅम. पहिली पट्टी लावल्यावर पूर्ण गुण यायला १२ ते २४ तास लागतात. उलट बाजूनेही तसंच आहे. पट्टी काढली तरी कातडीखालचा साठा पुढे बराच वेळ रक्तात येत राहतो, औषधाची पातळी निम्म्यावर यायलाच १७ तास किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणजे सासूबाई रात्री दहाला पट्टी काढतात तेव्हा रात्रभर अण्णांच्या अंगात औषध असतंच, फक्त पहाटेपासून ते उतरणीला लागतं. सकाळी पट्टी परत लावली तरी गेलेली पातळी भरून यायला दिवस जातो. अण्णांना सकाळी-दुपारी जास्त दुखतं असं तुम्ही फोनवर म्हणालात, त्याचं कारण बहुधा हेच. शिवाय एकदा काढलेल्या पट्टीचा चिकटपणा गेलेला असतो. ती अर्धवट चिकटते, आणि किती औषध आत जातंय याचा डॉक्टरांनाही अंदाज राहत नाही.

सासूबाईंच्या मनात काय आहे ते मला कळतं. ज्या बाईने जन्मभर नवऱ्याला वेळेवर ताट वाढलं, तिला त्याच्या अंगावर रात्रभर ‘विष’ ठेवणं कसं सोसेल? त्यांना चूक काढून दाखवू नका. एवढंच सांगा की पट्टी काढल्याने औषध थांबत नाही, फक्त अण्णांची सकाळ बिघडते. आणि त्यांच्याकडे एक काम सोपवा: तीन दिवसांनी पट्टी बदलायची तारीख आणि वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवणं. सोमवारी सकाळी नऊला लावली तर गुरुवारी सकाळी नऊला बदलायची. जुनी काढल्याशिवाय नवी लावायची नाही. अंगावर दोन पट्ट्या राहून गेल्याने माणसं दवाखान्यात पोहोचलेली मी पाहिली आहेत. पाठीवरची जुनी विसरली, दंडावर नवी लागली. बदलताना एकाने लावायची आणि दुसऱ्याने अंगभर नजर फिरवायची, असा नियम करा.

लावायची जागा म्हणजे छाती, पाठीचा वरचा भाग किंवा दंडाची बाहेरची बाजू. सपाट, कोरडी, जखम नसलेली कातडी हवी. ज्या कातडीला लाइट दिली होती ती सोडून. केस असतील तर कात्रीने कापा, वस्तऱ्याने किंवा रेझरने नको, कारण ओरखडा उठला तरी औषध जास्त शोषलं जातं. साध्या पाण्याने पुसा. साबण, तेल, पावडर, डेटॉल यांतलं काही लावायचं नाही. चिकटवल्यावर तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरा. दर वेळी जागा बदला. कडा सुटत असेल तर फक्त कडेला कागदी चिकटपट्टी लावता येते. पूर्ण निघून पडली तर तीच परत दाबू नका, नवी दुसऱ्या जागी लावा, त्या वेळेपासून तीन दिवस मोजा आणि डॉक्टरांना कळवा. पट्टी कापून अर्धी लावण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डोस कमी हवा असेल तर १२ ची वेगळी पट्टी मिळते.

आता उष्णता. कातडी गरम झाली की तिथलं रक्त जोरात वाहतं आणि तीन दिवसांसाठी भरलेलं औषध घाईने आत शिरतं. त्यामुळे पट्टीवर किंवा तिच्या आसपास गरम पिशवी, शेगडी, इलेक्ट्रिक ब्लँकेट, कडक पाण्याची आंघोळ यांतलं काहीही नको. कोमट पाण्याने अंघोळ चालते. अण्णांच्या मानेवर लाइट झालेली आहे, तिथली कातडी नाजूक आणि थोडी बधिर असते. चटका बसला तरी त्यांना लवकर कळणार नाही, म्हणून मानेला शेक तसाही नको. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत अण्णांची खाट असेल तर उन्हाळ्याआधी ती सावलीच्या, हवेशीर जागी हलवा. ताप चढला तरी हाच धोका असतो, म्हणून १०१-१०२ ताप आला तर त्याचं औषध द्या, झोपेवर नजर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ताप उतरेपर्यंत वाट पाहू नका.

मानेला शेक बंद केला तर दुखण्यावर काय, हा प्रश्न उरतो. पट्टी ही दिवसभराच्या संथ वेदनेसाठी आहे. मधेच कळ उठली, ड्रेसिंग करायचं आहे, कूस बदलायची आहे, त्या वेळी पट्टीचा उपयोग नाही, कारण ती घाईत काही करू शकत नाही. त्यासाठीच डॉक्टरांनी मॉर्फिनची गोळी जवळ ठेवायला सांगितली आहे. ती साधी गोळी असेल तर कुटून, पाण्यात विरघळवून नळीतून देता येते, आणि अर्ध्या-पाऊण तासात गुण येतो. ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी दिली तर अण्णांना ते ड्रेसिंग सोसवेल. मात्र पाकिटावर एसआर लिहिलेलं असेल, म्हणजे बारा तास हळूहळू सुटणारी गोळी, तर ती कधीही कुटायची नाही. बारा तासांचं औषध एकदम अंगात जाईल. पाकीट आजच बघून घ्या.

एक वही करा. वेळ, दुखणं शून्य ते दहांत किती, जास्तीची गोळी कधी दिली, पोट कधी साफ झालं, एवढंच लिहायचं. दिवसात तीन-चारदा जास्तीची गोळी लागत असेल तर पट्टी कमी पडतेय असं डॉक्टरांना वहीवरून कळेल. आणि दुखणं कसं आहे तेही विचारून लिहा. ठणका आहे, की आग होते, की करंट बसल्यासारखी कळ कानापर्यंत जाते? मानेतल्या गाठी नसांवर दाबल्या की असली कळ येते, आणि ती मॉर्फिन, फेंटानिल अशा अफूवर्गातल्या औषधाने पुरती शमत नाही. तिला गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखी वेगळी औषधं जोडावी लागतात. ती सुरू झाली की पहिले काही दिवस झोप आणखी वाढते, हेही आधीच माहीत असू द्या.

झोपेबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त काळजीत आहात. दुखण्यामुळे आठवडेच्या आठवडे न झोपलेला माणूस, दुखणं थांबलं की पहिले दोन-तीन दिवस नुसता झोपतो. ती औषधाची गुंगी कमी आणि साचलेली झोप जास्त असते. हाक मारल्यावर डोळे उघडतात, ओळखतात, मान हलवून उत्तर देतात, तोवर घाबरण्याचं कारण नाही. बदल कुठे व्हायला नको ते सांगते. माणूस हाकेने उठत नाही, खांदा हलवला तरी उठत नाही किंवा उठून लगेच परत ढेपाळतो. श्वास संथ होतो. अण्णा शांत झोपलेले असताना घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, म्हणजे त्यांचा नेहमीचा आकडा तुम्हाला कळेल. मिनिटाला ८-१० च्या खाली आला, मधेच श्वास थांबतो, घोरणं वेगळंच घरघरल्यासारखं होतं, ओठ निळसर पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. यांतलं दिसलं तर पट्टी काढा, १०८ ला फोन करा, अण्णांना कुशीवर वळवा, हाका मारत, हलवत जागं ठेवा आणि फेंटानिलची पट्टी चालू आहे हे रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. यावर नॅलोक्सोन नावाचं उतारा देणारं इंजेक्शन असतं. त्याने माणूस मिनिटांत जागा होतो, पण इंजेक्शनचा असर तास-दीड तासात ओसरतो आणि कातडीखालचं फेंटानिल त्याहून कितीतरी जास्त वेळ टिकतं. म्हणून जागे झाले, आता घरी नेतो असं करायचं नाही. निदान एक दिवस देखरेखीत ठेवावं लागतं.

चांगलं चाललेलं असताना अचानक झोप वाढली तर बहुतेक वेळा कारण पट्टीच्या बाहेर असतं. ताप, लघवी कमी होणं, पाणी कमी पडणं, किंवा कुणीतरी दिलेलं नवं औषध. तोंडाच्या कॅन्सरमध्ये जिभेवर पांढरा थर येतो, त्यावर फ्लुकोनॅझोलसारखी बुरशीची गोळी गावातले डॉक्टर चांगल्या हेतूने लिहून देतात. या जातीच्या गोळ्या आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स यकृतात फेंटानिलचा निचरा मंदावतात, मग त्याच पट्टीची पातळी रक्तात वाढत जाते. उलट टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सवरचं फेनिटॉइन निचरा वाढवतं, आणि पट्टी असूनही दुखायला लागतं. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, काही खोकल्याची औषधं, दारू, ही सगळी पट्टीच्या गुंगीत भर घालतात. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी पट्टीचं पाकीट सोबत ठेवा आणि दाखवा.

पोटाचं तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत, पण अण्णांना रोजच्या रोज छळणारी गोष्ट हीच आहे. मळमळ, गुंगी, अंगाला खाज, हे त्रास शरीराला औषधाची ओळख पटली की आठवडाभरात बरेचसे निवळतात. बद्धकोष्ठ निवळत नाही. औषध चालू तोवर तो राहतो, कारण अफूवर्गातली सगळी औषधं आतड्यांची हालचालच मंद करतात. मॉर्फिनच्या मानाने फेंटानिलमध्ये तो थोडा कमी, पण असतोच. म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून, रोज, पोट साफ होत असलं तरी द्यायचं असतं. मला राग येतो तो याचा की पट्टीच्या चिठ्ठीवर रेचक लिहिलेलं नसतं, आणि मग चौथ्या दिवशी कळवळणाऱ्या माणसाच्या घरचे पट्टीलाच दोष देतात.

नळी असल्यामुळे पातळ औषध सोयीचं, म्हणजे लॅक्ट्युलोज किंवा सोडियम पिकोसल्फेट. किती ते डॉक्टर ठरवतील. बिसाकोडिलची गोळी कुटून देऊ नका, तिच्यावरचं आवरण तुटतं आणि पोटात आग पडते. इसबगोल अजिबात नको. घराघरांत तोच पहिला आठवतो, पण त्याला भरपूर पाणी लागतं. पाणी कमी पडलं तर मंद आतड्यात त्याचा लगदा घट्ट बसतो, आणि नळीत तर तो नक्की अडकतो. चार दिवस झाले आहेत म्हणजे आता नुसतं नळीतून रेचक पुरणार नाही, नर्सकडून तपासून एनिमा किंवा सपोझिटरी (गुदद्वारातून ठेवायची गोळी) लागेल. पोट फुगलंय आणि उलट्या होतायत असं असेल तर मात्र घरी काहीच न देता थेट दवाखान्यात न्या. आणखी एक गोष्ट फसवी आहे. बरेच दिवस कोंडलेल्या मळाच्या बाजूने पातळ पाणी झिरपतं, घरच्यांना वाटतं जुलाब लागले, आणि ते रेचक बंद करतात. असं झालं तर आधी तपासून घ्या.

याखेरीज लघवी अडणं, तोंड कोरडं पडणं, घाम येणं हे दिसू शकतं. सत्तरीच्या पुरुषाला प्रोस्टेटचा त्रास बऱ्याचदा असतो, म्हणून सहा-आठ तास लघवी झाली नाही तर ओटीपोट दाबून बघा, टणक लागलं तर कळवा. हातपाय झटके देऊन उडायला लागले, किंवा अण्णांना भिंतीवर माणसं दिसायला लागली, तर त्याला बाहेरची बाधा समजू नका आणि कुणाला समजू देऊ नका. औषध शरीरात साठतंय, डोस किंवा औषध बदलायला हवं, असा त्याचा अर्थ.

शेजारच्या मावशींना ठाम नाही म्हणा. अण्णांना ही पट्टी चालते, कारण त्यांचं शरीर दिवसाला ६० मिलिग्रॅम मॉर्फिनला आधीच सरावलेलं होतं. २५ च्या पट्टीचा जोर साधारण तेवढाच आहे. ज्याने असलं औषध कधी घेतलेलं नाही अशा माणसाला तीच पट्टी लावली तर रात्री झोपेत श्वास मंदावून सकाळ होणार नाही, इतका धोका आहे. गुडघा, कंबर, डोकं, ऑपरेशननंतरचं दुखणं, यांसाठी ती नाहीच. वापरलेली जुनी पट्टी तर काय करणार, असं मावशी म्हणतील. तीन दिवसांनंतरही तिच्यात बरंच औषध शिल्लक असतं.

आणि म्हणूनच तुमच्या मुलाबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली जाहीर इशारा दिला होता. आधीच्या पंधरा वर्षांत लहान मुलांच्या अंगाला किंवा तोंडात चुकून ही पट्टी गेल्याच्या २६ घटना त्यांनी तपासल्या. त्यांत १० मुलं दगावली, आणि निम्म्याहून जास्त मुलं दोन वर्षांची किंवा त्याहून लहान होती. कुणाला कचऱ्यात सापडली, कुणाला आजी-आजोबांच्या अंगावरून निघून चिकटली. दुखऱ्या अण्णांना नातू मिठी मारेल, मांडीवर झोपेल. ते तोडू नका, फक्त पट्टी पाठीला, कपड्याच्या आत लावा आणि तो जवळ येऊन गेला की पट्टी जागेवर आहे का ते बघा. नव्या पट्ट्या कुलपात. जुनी काढल्या काढल्या चिकट बाजू आत घेऊन दुमडायची, झाकणाच्या डब्यात कुलपाआड ठेवायची, हात पाण्याने धुवायचे. डबा पुढच्या भेटीला दवाखान्यात परत द्यायचा. बऱ्याच ठिकाणी मोजून परत घेतात, तुमच्याकडे मागत नसतील तरी विचारा. उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका. चुकून मुलाच्या अंगाला चिकटली तर लगेच काढा, तो नीट दिसत असला तरी दवाखान्यात न्या.

आता भाऊजींचा व्हिडिओ. त्यात दाखवलंय ते खोटं नाही. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात फेंटानिल आणि त्याच्या जातीच्या कृत्रिम अफूजन्य पदार्थांनी ७० हजारांहून जास्त माणसं गेली. पण त्यांतलं बहुतेक फेंटानिल चोरट्या कारखान्यांत बनलेली पूड होती, हेरॉइनमध्ये आणि बनावट गोळ्यांमध्ये मिसळून विकलेली. घेणाऱ्याला किती आहे, काय आहे, याचा पत्ता नाही. त्याआधी तिथे साध्या कंबरदुखीलासुद्धा जोरकस गोळ्या सढळ हाताने लिहिल्या गेल्या, तोही त्या संकटाचा पाया होता, हे मान्यच करायला हवं. आपल्याकडची गोष्ट बरोबर उलटी आहे. औषधासाठीची अफू मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचला, राजस्थानात चित्तोडगडला सरकारी परवान्याने पिकते, आणि तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर दवाखान्यांना मॉर्फिन ठेवणं इतकं अवघड झालं की कॅन्सरचे रुग्ण कळा सोसत गेले. अनेक वर्षं डॉक्टरांनी पाठपुरावा केल्यावर २०१४ साली कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल यांच्यासारख्या काही औषधांना अत्यावश्यक दर्जा मिळाला आणि मान्यताप्राप्त दवाखान्यांसाठी नियम सुटसुटीत झाले. गावातल्या मेडिकलमध्ये अजूनही पट्टी मिळत नाही, म्हणून शेवटची पट्टी लागेपर्यंत थांबू नका, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी तर आठवडाभर आधीच आणून ठेवा.

भाऊजींना हेही सांगा की अण्णांच्या गालाचं ऑपरेशन झालं तेव्हा भूलतज्ज्ञांनी बहुधा हेच फेंटानिल शिरेतून दिलं असेल. भारतातल्या ऑपरेशन थिएटरांत ते रोज वापरलं जातं. १९६० च्या सुमाराला बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी ते बनवलं, ते वैद्यकासाठीच.

व्यसन म्हणजे औषधाची अनावर ओढ, नुकसान दिसत असूनही ते घेत राहणं, खोटं बोलून मिळवणं. अण्णांमध्ये यातलं काही आहे का? त्यांना हवी आहे ती न दुखणारी रात्र. औषध अचानक तोडलं तर घाम, बेचैनी, अंगावर काटा, नाक गळणं, जुलाब असा त्रास होईल, पण ती शरीराला लागलेली सवय आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या किंवा स्टिरॉइड अचानक बंद केले तरी त्रास होतो, त्यांना आपण व्यसन म्हणत नाही. पुढे गरज कमी झाली तर डॉक्टर पायरीपायरीने डोस उतरवतील. अण्णांना पूर्वी दारूचं किंवा आणखी कशाचं व्यसन असेल तर मात्र डॉक्टरांपासून लपवू नका. त्याने पट्टी बंद होत नाही, देखरेख वाढते. डोस वाढवावा लागला तर तो बहुतेक वेळा आजार वाढल्यामुळे.

पट्टी म्हणजे शेवट जवळ आला, असं सासूबाईंनी समजून घेतलं असेल तर तेही बोलून टाका. योग्य डोसातलं हे औषध आयुष्य तोडत नाही. काही रुग्ण ते महिनोन् महिने, काही वर्षानुवर्षं घेतात. अण्णांचा आजार पुढे जाणार आहे, तो पट्टीविनाही गेला असता.

पुढच्या भेटीला भाऊजींना दवाखान्यात सोबत न्या. वही, सगळ्या औषधांची पाकिटं आणि जुन्या पट्ट्यांचा डबा त्यांच्याच हातात द्या. त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारावं, व्यसन लागेल का, किती दिवस द्यायची, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा. पुण्याहून फोनवर बोलण्यापेक्षा ते तिथे बसून ऐकणं तुमच्या कामाचं आहे. मग एका शनिवारी त्यांनाच अण्णांजवळ झोपू द्या. श्वास कसा मोजायचा, जास्तीची गोळी कधी आणि किती द्यायची, १०८ केव्हा लावायचा हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा, आणि तुम्ही त्या रात्री दुसऱ्या खोलीत सलग झोपा.